समोरचा बोलत असताना मनात प्रार्थना केली तर ऐकण्याकडे दुर्लक्ष होत नाही का?

प्रार्थना एका ओळीची असेल तर नाही होत, उलट लक्ष जास्त लागतं. बायबलमधला नहेम्या आठवा. पर्शियाच्या अर्तहशश्त राजाचा हा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक. यरुशलेम या आपल्या पूर्वजांच्या शहराचा तट पडलाय या दुःखानं त्याचा चेहरा उतरलेला. राजा विचारतो, तुझं मागणं काय? राजाला ताटकळत ठेवणं शक्यच नव्हतं. नहेम्याच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात तो देवाची प्रार्थना करतो आणि पाचव्यात राजाला उत्तर देतो. अर्थात त्याआधी त्यानं कितीतरी दिवस उपास करून प्रार्थना केली होती, म्हणून ती क्षणात ओठांच्या आत आली.

मीही हेच करते. शेजारच्या काकू मुलाच्या सुटलेल्या नोकरीबद्दल सांगतात तेव्हा मनात एवढंच, ‘प्रभू, यांना धीर दे.’ नजर त्यांच्याकडेच. मनात लांबलचक वाक्यं जुळवायला लागलात की त्यांचं बोलणं निसटतं. तसं झालं तर प्रार्थना तिथेच थांबवा आणि ऐका. सल्ला द्यायला जीभ वळवळली तर ‘मला गप्प बसायची बुद्धी दे’ म्हणा. मोठ्यानं प्रार्थना करायची असेल तर मात्र त्यांना आधी विचारा.