काम संपलं होतं, म्हणून घरी गेलो

तुम्ही विचारलंय की व्यावसायिक फुटबॉलमधले कोच दिवसाला पंधरा-सोळा तास काम करतात असं ऐकलं, तर खरंच तेवढं काम असतं का, आणि या धंद्यात राहून संसार नीट होतो का. लग्न ठरलंय, होणाऱ्या बायकोला काय सांगू, असंही खाली लिहिलंय.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. काही आठवडे असतं तेवढं काम. प्री-सीझनला असतं, तीन दिवसांत दोन मॅचेस असल्या की असतं, ट्रान्सफरच्या, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या, शेवटच्या दिवसांत असतं. बाकीच्या आठवड्यांत नसतं. माणसं मात्र रोज तेवढा वेळ ऑफिसात असतात. हे ऐकीव नाही. एका व्यावसायिक क्लबात मी तीन सीझन व्हिडिओ ॲनालिस्ट होतो आणि तिथे माझ्या नावावर एकच गुन्हा आहे: एका गुरुवारी मी रात्री आठ वाजता घरी गेलो.

शनिवारी मॅच होती. समोरच्या टीमच्या कॉर्नर किक्सच्या व्हिडिओ क्लिप्स कापून द्यायचं काम माझं. त्यांच्या शेवटच्या आठ मॅचेसमधले सगळे कॉर्नर पाहिले. त्यात कामाचे पॅटर्न तीनच होते, बाकी नुसती ठोकाठोक. अकरा क्लिप्स काढल्या, एकूण सहा मिनिटं वीस सेकंद. त्यातली चौथी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. डावीकडून आत वळणारा कॉर्नर, नियर पोस्टला (गोलच्या जवळच्या खांबाशी) त्यांचा सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, डोकं लावून बॉल मागे सरकवतो. त्यांचा सहा नंबरचा खेळाडू तोवर बॉक्सबाहेर कमरेवर हात ठेवून उभा असतो, दमल्यासारखा. कॉर्नर घेणारा दोन पावलं मागे सरकला की हा सावकाश चालायला लागतो आणि शेवटची तीन पावलं धावून ‘फार पोस्ट’ला, म्हणजे दूरच्या खांबाशी, पोचतो. टीव्हीच्या फुटेजमध्ये हे दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे असतो. मी वाइड अँगलचं फुटेज मागवलं होतं, त्यात चार वेळा मागे-पुढे करून सापडलं. सहा नंबरभोवती पिवळं वर्तुळ काढलं, फाइलला ‘कॉर्नर अंतिम’ नाव दिलं, पेन ड्राइव्ह हेड कोचच्या टेबलावर ठेवला.

"सर, झालं. निघतो मी."

सरांनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "घरी काही आहे का?"

"नाही सर. काम संपलं."

खोलीत अजून तिघं होते. असिस्टंट कोच, गोलकीपिंग कोच आणि फिटनेसवाला. तिघांनीही मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भर मैदानात सेल्फ गोल मारलाय. फिटनेसवाल्यासमोर सकाळच्या ट्रेनिंगमध्ये कोण किती धावलं त्याचा जीपीएसचा तक्ता उघडा होता. मी त्याच्या शेजारी बसायचो, त्यामुळे मला माहीत होतं की त्या तक्त्याच्या मागे दुसऱ्या खिडकीत तो तासभर जुन्या मोटरसायकली बघत होता. तो रात्री साडेअकराला गेला. मेहनती मुलगा, असं त्याच्याबद्दल सगळे म्हणायचे.

मुलाला ताप आलाय म्हटलं असतं तर सरांनी स्वतःची गाडी काढून मला सोडलं असतं. दिलदार माणूस, त्यात वाद नाही. बायकोचा वाढदिवस आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं, थोडी थट्टा झाली असती इतकंच. काहीही कारण नसताना, निव्वळ काम झालं म्हणून उठणं, हे त्यांच्या हिशेबात कुठे बसतच नव्हतं. संसार आणि कामाच्या समतोलावर लोक इतकं लिहितात, पण सगळे जण घरच्या अडचणी पुढे करूनच सुट्टी मागतात. घर म्हणजे जणू एक आजार, आणि सर्टिफिकेट दाखवलं तरच रजा.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर फोल्डरमध्ये ‘कॉर्नर अंतिम २’ आलेली. सर आणि असिस्टंट अडीचपर्यंत बसले होते. अडतीस क्लिप्स, चोवीस मिनिटं. त्या टीमचा सबंध सीझनमधला जवळजवळ प्रत्येक कॉर्नर त्यात होता, दोन वेळा तर एकच कॉर्नर दोन अँगलनी. माझी चौथी क्लिप एकोणतिसावी झाली होती आणि पिवळं वर्तुळ गायब होतं.

टीम मीटिंग दुपारी जेवणानंतर. पडदे ओढलेले, एसी चालू. दहाव्या मिनिटाला राइट बॅकची मान छातीला लागली. विसाव्या मिनिटाला कॅप्टन बुटाच्या लेसची गाठ सोडून परत बांधत होता. एकोणतिसावी क्लिप आली नि गेली. सर बोलत होते ते तिसाव्या क्लिपबद्दल.

शनिवारी चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला डावीकडून कॉर्नर, नियर पोस्टला फ्लिक, फार पोस्टला सहा नंबर. ०-१. मी स्टँडमध्ये लॅपटॉप घेऊन बसलो होतो. गोल झाल्याचं डोक्यात शिरायच्या आधी बोटांनी ‘गोल, विरुद्ध’ हे बटण दाबलेलं होतं.

सोमवारी रिव्ह्यूला सर खेळाडूंसमोर म्हणाले, "इथे काही जण फुटबॉल करतात आणि काही जण नोकरी करतात." त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. त्या न बोलण्याला आता सहा वर्षं झाली. तुमच्या प्रश्नाला एवढं लांबलचक उत्तर मिळतंय ते त्याच्यामुळे.

आता तुम्ही म्हणाल, हा एक क्लब, एक माणूस. वरच्या पातळीवर बघा मग. अर्जेंटिनाचा कोच मार्सेलो बिएल्सा, त्याचं उदाहरण सगळे कौतुकाने देतात. जानेवारी २०१९, तो इंग्लंडमधल्या दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये लीड्स क्लबला होता. त्याच लीगमधल्या डर्बी क्लबच्या ट्रेनिंगवर नजर ठेवायला पाठवलेला त्याचा माणूस पकडला गेला. बिएल्साने पत्रकारांना बोलावलं आणि तासाहून जास्त वेळ स्लाइड्स दाखवत आपला स्टाफ कसा अभ्यास करतो ते सांगितलं. डर्बीच्या आदल्या सीझनच्या ५१ मॅचेस पाहिलेल्या, एकेका मॅचच्या विश्लेषणाला चार-चार तास. लोकांनी तोंडात बोटं घातली. पण त्याच बैठकीत त्याने आणखी एक गोष्ट कबूल केली, ती कोणी सांगत नाही: समोरच्याचं ट्रेनिंग बघून आपल्याला फायदा काही होत नाही, जिवाची घालमेल तेवढी कमी होते. इतक्या प्रामाणिकपणे हे बोललेला दुसरा कोच माझ्या ऐकण्यात नाही. क्लबला २ लाख पौंडांचा दंड झाला. आणि त्याच डर्बीने मे महिन्यात वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीच्या प्ले-ऑफच्या सेमी फायनलला लीड्सच्या घरात ४-२ जिंकून लीड्सला बाहेर काढलं. (पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, लीड्स १६ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, परतले तेही बिएल्साच्याच हाताखाली. तेव्हा त्याची पद्धत वाया गेली असं मी म्हणणार नाही.)

घालमेल हाच खरा शब्द आहे. कोचच्या हातात असतंच काय? खेळाडू विकत घेतो दुसराच कोणी, पोस्टला लागून बॉल आत जाईल की बाहेर ते नशीब, मालकाचा मूड मालकाला ठाऊक. तीन मॅचेस हरलं की नारळ. हातात फक्त तास उरतात. उद्या काढलंच तर निदान ‘मेहनत कमी पडली’ असं कोणी म्हणू नये म्हणून माणूस बसून राहतो. त्यात व्हिडिओने घात केला. पूर्वी समोरच्या टीमची कॅसेट मिळवायलाच दिवस जायचे आणि ती एक पाहिली की अभ्यास संपायचा. आता जगातली जवळजवळ कुठलीही मॅच वायस्काउटवर, म्हणजे क्लबांसाठीच्या मॅच-व्हिडिओंच्या वेबसाइटवर, पडलेली असते. बघणं कुठे थांबवायचं ते ज्याचं त्यानेच ठरवायचं, आणि घाबरलेला माणूस ते ठरवू शकत नाही.

याची किंमत काय असते ते सगळ्यांना दिसलेलं आहे. फेब्रुवारी १९९१ मध्ये लिव्हरपूल टेबलात पहिल्या नंबरवर होतं, एव्हर्टनशी ४-४ झालं आणि दोन दिवसांत त्यांचा कोच केनी डाल्ग्लिशने राजीनामा दिला, ताण सहन होईना म्हणून. त्याच क्लबचा पुढचा एक कोच जेरार हूलिए, त्याला १३ ऑक्टोबर २००१ रोजी लीड्सविरुद्धच्या मॅचच्या हाफ टाइमला छातीत दुखायला लागलं. महाधमनी फाटली होती, अकरा तास ऑपरेशन चाललं. पाच महिन्यांनी तो परत डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या कोचच्या बाकावर! ओटमार हिट्झफेल्डने २००४ मध्ये थकव्यापायी जर्मनीच्या राष्ट्रीय टीमचं काम नाकारलं. राल्फ रांगनिकने सप्टेंबर २०११ मध्ये जर्मनीतला शाल्के क्लब सोडला, कारण तेच. ग्वार्डिओला २०१२ मध्ये बार्सिलोना सोडून वर्षभर न्यूयॉर्कला जाऊन राहिला. लिव्हरपूलच्याच क्लॉपने जानेवारी २०२४ मध्ये सांगून टाकलं की आता अंगात ताकद उरली नाही. ही सगळी शिखरावरची माणसं. पैसा आहे, मदतीला फौज आहे, वर्षभर घरी बसायची ऐपत आहे. खालच्या लीगमधला असिस्टंट थकला तर त्याची बातमी होत नाही, त्याच्या जागी फक्त नवा असिस्टंट येतो.

उलट बाजूला इटलीचा कोच कार्लो अँचेलोटी. पाच चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा), युरोपातल्या पाचही मोठ्या लीग्ज जिंकलेला एकमेव कोच, आणि चेहऱ्यावर भुवईपलीकडे काही हलत नाही. तो किती तास बसतो ते मी मोजायला गेलो नव्हतो, पण रात्री जागल्याचं भांडवल करताना तो मला तरी कधी दिसला नाही. मँचेस्टर युनायटेडचा ॲलेक्स फर्ग्युसनही सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असायचा, पण ट्रेनिंग असिस्टंटच्या हाती सोपवून स्वतः बाजूला उभा राहून बघायचा. निम्मे हेड कोच हे करूच शकत नाहीत. शिट्टी दुसऱ्याच्या हातात दिली की त्यांचे हात शिवशिवतात. फर्ग्युसनने २००२ मध्ये निवृत्त व्हायचं जाहीर केलं होतं, तेव्हा बायको-मुलांनीच त्याला परावृत्त केलं. आणि २०१३ मध्ये खरोखर थांबला तेव्हा एक कारण असं होतं की बायकोची बहीण वारली होती आणि ती एकटी पडली होती. म्हणजे संसार होतो. २६ वर्षं एकाच क्लबात राहिलात तर होतो.

हीच गोष्ट होणाऱ्या बायकोला सांगा. तासांचं काय, तास निभावून जातात. जड जातात त्या वेगळ्याच गोष्टी. शनिवार-रविवार तुमचा कधीच नसणार. सगळ्यांच्या घरी लग्नकार्य असेल तेव्हा तुम्ही अवे मॅचला असाल. करार एका सीझनचा, फार तर दोन. घर लावून होतं न होतं तोच नवीन गाव, मुलांची नवीन शाळा. हेड कोच गेला की त्याच्याबरोबर सगळा स्टाफ जातो, तुमचं काम कितीही चांगलं असो. हे आधी मोकळेपणाने बोला. तिचीही नोकरी असेल तर कोण कोणामागे जाणार ते लग्नाआधी ठरवा, नंतर ते ‘अर्थातच तू’ असं ठरतं.

आणि क्लबात लागल्यावर पहिल्याच महिन्यात एकदा काम संपलं की उठा. कारण सांगू नका, खोटं तर मुळीच सांगू नका. पहिल्या महिन्यात उठलात तर तो तुमचा स्वभाव ठरतो, दुसऱ्या वर्षी उठलात तर गद्दारी. मी दुसऱ्या वर्षी उठलो.

दोन-तीन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. तिसऱ्या सीझननंतर माझा करार वाढला नाही, तेव्हा वरचा सल्ला जपून घ्या. आता मी दोन क्लबांना बाहेरून क्लिप्स कापून देतो आणि पैसे कमी मिळतात. दुसरं, आमचा पहिला गोलकीपर त्या शनिवारी जखमी होता. सहा नंबरला मार्किंग असतं, म्हणजे आमचा कोणी त्याला चिकटून असता, तर तो गोल झाला नसता, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. आणि सरांवर त्या महिन्यात टांगती तलवार होती, माझ्यावर नव्हती.

असिस्टंट पुढे कोचिंगच्या एका लायसन्स कोर्सला भेटला. चहा पिताना मी विचारलंच, रोज अडीच-अडीचपर्यंत का बसायचात रे? तो म्हणाला, "सर बसायचे म्हणून." मग थोडं हसून म्हणाला, "मी एकदा सरांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, पोरं बसलेली असतात, मी कसा उठू?"

बायको म्हणते, आता सोड ते प्रकरण. सोडलंच होतं. दोन्ही फाइल्स हार्ड डिस्कवर आहेत, पण उघडत नाही. गेल्या वर्षी अचानक सरांचा मेसेज आला: तरुण कोचेसना सेट पीसवर (कॉर्नर, फ्री किक वगैरे) एक सेशन घ्यायचंय, तो सहा नंबरवाला कॉर्नर अजून आहे का तुझ्याकडे? मी अकरा क्लिप्सवाली फाइल पाठवली, पिवळ्या वर्तुळासकट, आणि झोपलो. सकाळी पाहिलं तर उत्तरादाखल नुसता अंगठा आला होता. वेळ रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.