हिवाळ्याआधी पूलच्या लाइन कशा रिकाम्या कराव्यात? : वाचकांचे प्रश्न

मोसम संपताना पोहण्याचा पूल बंद करण्याबद्दल बरीच पत्रं आली. एकाच धर्तीचे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. ती अर्थातच जिथे थंडीत पारा शून्याखाली जातो आणि पूल काही महिने बंद राहतो, अशा ठिकाणांसाठी आहेत.

प्रश्न : पूलमध्ये पाणी राहूच देतात, मग फक्त पाइपमधलं काढायचा खटाटोप कशाला? आणि काढायचंच तर अख्खा पूलच उपसून का टाकू नये?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पूलमध्ये बर्फ वरून धरतो आणि त्याला वर सरकायला मोकळी जागा असते. पाइपमध्ये ती नसते. दोन ठिकाणी बर्फ धरला की मधलं पाणी कोंडतं, बर्फ वाढेल तसा त्याच्यावरचा दाब चढत जातो आणि जो भाग कच्चा तिथे तडा जातो. एल्बो आणि टी (पाइपचे कोपरे आणि फाटे), पंपाचं भांडं आणि हीटरच्या नळ्या ही नेहमीची ठिकाणं. तडा बर्फ धरलेल्या जागेपासून बराच लांबही सापडतो, तो यामुळेच.

पूल मात्र उपसू नका. जमिनीत ओल असेल तर बाहेरच्या पाण्याचा दाब रिकामा पूल अक्षरशः वर उचलतो, आणि व्हिनाइल लायनर (आतलं प्लॅस्टिकचं अस्तर) असेल तर तो आकसून पुन्हा नीट बसत नाही. पक्कं, पाणी न झिरपणारं आच्छादन असेल तर पातळी स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या, भिंतीतल्या भांड्याच्या) तोंडाखाली १० ते १५ सेंटिमीटर आणा. जाळीच्या आच्छादनातून पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी आत येत राहतं, म्हणून तिथे ३० ते ४५ सेंटिमीटर.

प्रश्न : औषधं लाइन रिकाम्या करण्याआधी टाकायची की नंतर?

आधी. नंतर पाणी फिरवायला पंपच नसतो. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की शेवाळ मंदावतं. तोवर थांबता आलं तर थांबा. पीएच ७.२ ते ७.६, क्षारता ८० ते १२० पीपीएम (दशलक्षात इतके भाग). क्लोरीनचा मोठा डोस बंद करण्याच्या काही दिवस आधी द्या आणि तो १ ते ३ पीपीएमवर उतरल्यावरच शेवाळनाशक टाका, नाहीतर क्लोरीन ते खाऊन टाकतं.

प्रश्न : लाइनमध्ये हवा मारण्याचा नेमका क्रम सांगा. घरी कॉम्प्रेसर आहे, तो चालेल का?

आधी यंत्राचं. या कामाला दाब फार लागत नाही, हवा भरपूर लागते. छोट्या कॉम्प्रेसरच्या टाकीतली हवा पटकन संपते आणि त्याचा बारीक झोत आडव्या पाइपमध्ये पाण्याच्या वरून निघून जातो. रिटर्नला, म्हणजे पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडाला, बुडबुडे छान दिसतात, खाली पाणी तसंच! ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या मोठ्या व्हॅक्युमची नळी फुंकण्याच्या बाजूला लावली तरी काम होतं. पूलसाठीचा ब्लोअर मिळाला तर उत्तमच. कॉम्प्रेसरच वापरणार असाल तर रेग्युलेटर २० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) वर नेऊ नका आणि लाइनचं एक तोंड कायम उघडं ठेवा. फिल्टरच्या टाकीत दाबाची हवा कधीच भरायची नाही. पाण्यासारखी ती एका तड्याने शांत होत नाही. क्लॅम्प निसटला तर झाकण उडतं आणि त्याने माणसं दगावली आहेत.

आता क्रम. पंप चालू आहे तोवर फिल्टर बॅकवॉश करून (उलट्या प्रवाहाने धुऊन) घ्या आणि फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून पातळी खाली आणा. मग वीज मेन ब्रेकरवरूनच बंद करा, टायमरच्या भरवशावर राहू नका. क्लोरिनेटरमधल्या गोळ्या हवा मारण्याआधी काढा. बंद भांड्यात ओल्या गोळ्यांचा वायू साठलेला असतो, तो ब्लोअरने तोंडावर यायला नको. पंप, फिल्टर आणि हीटर यांचे तळाचे ड्रेन-प्लग काढून पाणी वाहू द्या. पंपाला बहुधा दोन असतात, एक जाळीच्या भांड्याला आणि दुसरा इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या) घराला. दुसरा हमखास विसरतो. पाणी थांबलं की हवा मारण्यापुरते ते परत बसवा. रिटर्नच्या तोंडातले फिरते गोळे आणि स्किमरच्या जाळ्या बाहेर काढा.

ब्लोअर पंपाच्या भांड्यात घट्ट बसवा आणि ओढीच्या बाजूचे व्हॉल्व्ह असे फिरवा की एका वेळी एकच लाइन उघडी राहील. स्किमरच्या लाइनला हवा दिली की आधी पाण्याचा लोंढा येतो, मग थुंकल्यासारखे फवारे, मग नुसतं धुकं. धुकं थांबल्यावरही मिनिटभर हवा चालू ठेवा आणि ती चालू असतानाच स्किमरच्या तळाला बूच लावा. स्किमरला दोन भोकं असतील तर दुसरं बहुतेक मेन ड्रेनकडे, म्हणजे पूलच्या तळाच्या निचऱ्याकडे, जातं. ते वेगळं फुंकायचं. मेन ड्रेनमधून बुडबुडे जोरात आणि सलग यायला लागले की आणखी मिनिटभर थांबून, ब्लोअर बंद न करता, पंपाजवळचा त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. पाइपमध्ये हवा कोंडली की पाणी परत चढत नाही.

मग रिटर्न. मल्टिपोर्ट ‘रीसर्क्युलेट’वर ठेवा, म्हणजे हवा फिल्टरच्या वाळूतून न जाता थेट पुढे जाते. कार्ट्रिज फिल्टरला अशी सोय नसते. तिथे फिल्टरनंतरचं युनियन (पाइपचा सुटणारा जोड) खोलून ब्लोअर तिथून लावा. सर्वांत जवळचा रिटर्न बहुधा आधी बुडबुडे सोडतो. ते दणकून यायला लागले की त्याला बूच लावा, हवा पुढच्याकडे वळते. शेवटच्या, सर्वांत लांबच्या रिटर्नवर जास्त वेळ द्या. एका दमात काम उरकू नका. पहिल्या फेरीनंतर पाचदहा मिनिटं गेली की पाइपच्या भिंतीवरचं पाणी ओघळून खोलगट भागात जमतं. दुसऱ्या फेरीत तेच बाहेर पडतं. शेवटी सगळे ड्रेन-प्लग पुन्हा काढून पंपाच्या जाळीत टाकून ठेवा, म्हणजे मोसम सुरू होताना शोधाशोध नको. मल्टिपोर्टचा दांडा दोन खुणांच्या मध्ये सोडा.

रबरी बूच बसवताना पाकळ्यांचा नट हातानेच आवळा. बूच हाताने फिरेनासं झालं की पुरे. पक्कड लावली की फिटिंगच तडकतं. आट्यांच्या बुचाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं.

प्रश्न : व्हॅक्युमने स्किमर आणि रिटर्न व्यवस्थित फुंकले गेले, पण मेन ड्रेनमधून एकही बुडबुडा येत नाही. लाइन तुंबली असेल का?

तुंबण्यापेक्षा तुमच्या व्हॅक्युमची ताकद कमी पडत असण्याची शक्यता जास्त. दर मीटर खोलीला सुमारे ०.१ बार, म्हणजे १.४ पीएसआय दाब लागतो. रिटर्न अर्धा मीटर खाली असतो, त्याला ०.७ पीएसआय पुरतो. पाणी २.४ मीटर खोल असेल तर मेन ड्रेनला साधारण ३.४ पीएसआय लागणार, आणि घरगुती व्हॅक्युम दीड-दोन मीटर पाण्याच्या पुढे सहसा ढकलू शकत नाही. त्याचा आवाज बदलून नुसताच घोंघावायला लागला तर समजा, जोर संपला.

तरी घाबरायचं कारण नाही. व्हॅक्युमने पाणी दीड मीटर खाली ढकललं असेल तर पूलच्या पातळीपासून तितक्या खोलीपर्यंतचा पाइप रिकामा झालेला आहे. तुमच्याकडे जमीन किती खोल गोठते ते माहीत करून घ्या. पाइप त्या रेषेच्या खाली जाईपर्यंत कोरडा असला की काम भागलं. अट एकच : ब्लोअर चालू असताना बंद केलेला व्हॉल्व्ह हवाबंद हवा. फिरत्या दांड्याच्या त्रिमार्गी व्हॉल्व्हची ओ-रिंग जुनी झाली असेल तर रात्रभरात हवा निसटते आणि पाणी हळूहळू वर येतं. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह किंचित उघडून पाहा. फुस्स असा आवाज आला तर हवा टिकली. पुन्हा हवा मारून तो बंद करा. आवाजच नाही आला तर आधी ओ-रिंग बदला, मग पुढचं.

प्रश्न : अँटिफ्रीझ ओतलं तर हवा मारायची गरज आहे का? किती लागतं? गाडीचं चालेल का?

गाडीचं अजिबात नाही. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे आणि मोसम सुरू झाला की तेच पूलमध्ये येणार. पूलसाठी प्रोपिलीन ग्लायकॉलचं, बहुधा गुलाबी रंगाचं मिळतं, तेच घ्या. हवा मात्र मारावीच लागते, कारण पाइपमध्ये उरलेल्या पाण्यात मिसळून अँटिफ्रीझ पातळ होतं आणि त्याचा गोठणबिंदू वर येतो. डब्यावरचा मोठा उणे आकडा अनेकदा पाइप न फुटण्याचा असतो. त्याच्या बऱ्याच आधी ते चिखलासारखं घट्ट झालेलं असतं.

दीड इंची पाइपमध्ये मीटरला साधारण १.३ लिटर मावतं, दोन इंचीमध्ये २.२ लिटर. म्हणजे दहा मीटरच्या दोन इंची लाइनला २२ लिटर! सगळ्या लाइन भरण्यापेक्षा जिथे पाइपला पोट आलंय किंवा जी लाइन नीट फुंकता येत नाही तिथेच ते वापरणं शहाणपणाचं. नीट कोरड्या झालेल्या लाइनला त्याची गरज नाही.

प्रश्न : लाइन शाबूत राहिल्या, पण स्किमरचं भांडंच फुटलं. असं का?

बूच तळाशी लागलं, वर पावसाचं पाणी साठलं आणि त्याचा बर्फ भिंतींवर रेटला गेला. बर्फाला दाबता येईल असं काहीतरी आत हवं. त्यासाठी पोकळ, आट्यांची प्लॅस्टिकची नळी मिळते. टेफ्लॉन टेप गुंडाळून ती स्किमरच्या भोकात आवळली की बूच आणि उशी ही दोन्ही कामं तीच करते. ती नसेल तर तळाशी बूच लावून वर प्लॅस्टिकची रिकामी बाटली ठेवा. आत थोडी खडी टाका, म्हणजे ती अर्धी बुडून उभी राहील. झाकण घट्ट हवं.

प्रश्न : सगळं करूनही मोसमाच्या सुरुवातीला हीटर गळायला लागला.

हीटर हा वेगळा विषय आहे. त्याच्या तांब्याच्या नळ्या बारीक असतात आणि ड्रेन-प्लग काढला तरी हीटर जरासा कलता असेल तर त्यांत थोडं पाणी राहतं. त्यातून स्वतंत्रपणे हवा मारा आणि प्लग हिवाळाभर काढलेलेच ठेवा. प्रेशर स्विचकडे जाणारी बारीक नळीही सोडवून रिकामी करा. तिथलं चमचाभर पाणीसुद्धा स्विच फोडायला पुरतं. हीट पंप असेल तर दोन्ही युनियन उघडून ठेवा. अशाच आणखी विसरल्या जाणाऱ्या जागा : क्लीनरची वेगळी लाइन आणि तिचा बूस्टर पंप, आपोआप पाणी भरणारी लाइन, धबधबा, घसरगुंडीची लाइन. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असलेल्या लाइनला उलट्या बाजूने हवा जात नाही, तिथे व्हॉल्व्हच्या पुढून फुंकावं लागतं.

प्रश्न : बूच लावल्यावरही एका रिटर्नमधून अधूनमधून बुडबुडा येतो.

बूच गळतंय, हवा बाहेर येते तसं पाणी आत जातं. काढून फिटिंगच्या आट्यांमधली वाळू पुसा, रबर कडक झालं असेल तर नवीन घ्या, आणि ती लाइन पुन्हा फुंकूनच बूच लावा. नुसतं आवळून भागणार नाही, आत पाणी शिरलेलं आहे.

प्रश्न : आमच्याकडे थंडीत मोजक्याच रात्री पारा शून्याखाली जातो. तरी हे सगळं करायचं?

नाही. हवेचं तापमान २ ते ३ अंशांवर आलं की पंप आपोआप सुरू करणारा सेन्सर लावा आणि सगळ्या लाइनचे व्हॉल्व्ह थोडे तरी उघडे ठेवा, कारण बंद लाइनमधलं पाणी पंप चालू असूनही गोठतं. धोका वीज जाण्याचा. तशी रात्र आली तर ब्रेकर बंद करून पंप, फिल्टर आणि हीटरचे ड्रेन-प्लग काढा. जमिनीवरची सामग्रीच सर्वांत आधी फुटते, पुरलेल्या पाइपना एका रात्रीने सहसा काही होत नाही.