ग्राफिक्सचा ड्रायव्हर साइटवरून आणू नका

लिनक्स लॅपटॉपच्या ग्राफिक्स ड्रायव्हरबद्दल (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल) पुन्हा पुन्हा त्याच गोंधळाची पत्रं येतात. त्यातले काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

माझ्या लॅपटॉपमध्ये फक्त इंटेलचं ग्राफिक्स आहे. उबुंटू लिनक्ससाठी ड्रायव्हर कोणत्या साइटवरून घेऊ?

कोणत्याही नाही. इंटेलचा आणि एएमडीचाही ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, उरलेला भाग उबुंटूबरोबरच येणाऱ्या ‘मेसा’ या ग्राफिक्स लायब्ररीमध्ये. सिस्टम अपडेट ठेवा.

एनव्हिडियाच्या साइटवरून ‘डॉट रन’ फाइल घेऊन ड्रायव्हर टाकला होता. दोन महिने छान चालला. काल अपडेट झालं आणि आता काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकतोय. मित्र म्हणतो, फॉरमॅट मार.

फॉरमॅट मारू नका. तुमचा डेटा बहुधा जागच्या जागी आहे.

‘कंपनीच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर घ्या’ हा विंडोजवरचा सल्ला लोक जसाच्या तसा लिनक्सवर आणतात आणि इथे तो घात करतो. ड्रायव्हरचा एक भाग कर्नल मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा तुकडा असतो. ज्या कर्नलसाठी तो बांधला, त्यालाच तो बसतो. उबुंटूच्या भांडारातून (अधिकृत सॉफ्टवेअर-साठ्यातून) घेतलेला ड्रायव्हर कर्नलबरोबर बदलतो. एक तर नव्या कर्नलचं मॉड्यूल तयारच येतं, नाहीतर डीकेएमएस हे साधन ते तुमच्या मशीनवर पुन्हा बांधतं. डॉट रन फाइलने काय कुठे टाकलं याची एपीटीला, म्हणजे उबुंटूच्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाला, खबरच नसते. त्या इन्स्टॉलरमध्येही डीकेएमएसची सोय आहे, पण लोक न वाचता पुढे-पुढे दाबत जातात. मग कर्नल बदलतो, मॉड्यूल जुनंच राहतं आणि पडदा काळा होतो. खापर मात्र अपडेटवर फुटतं आणि माणूस अपडेटच बंद करून बसतो. ते तर आणखी वाईट, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात.

आता उपाय. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा (कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आणा आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. आत शिरलात की सगळ्यात आधी बॅकअप. मग टर्मिनलमध्ये सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावून ‘एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ चालवा. त्यानंतर ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडून ‘टेस्टेड’ असं लिहिलेली आवृत्ती निवडा आणि मशीन रीस्टार्ट करा.

आधीचा कर्नलही उठला नाही, तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट लॉगिन मिळतं का बघा. मिळालं तर ‘जर्नलसीटीएल’ कमांडने मागच्या बूटचा लॉग फाइलमध्ये काढा आणि जाणत्या माणसाला दाखवा. तोवर ‘एनव्हिडियाचं सगळं पुसून टाका’ अशी नेटवरून उचललेली कमांड देऊ नका. तिने काय काय काढायची यादी दिली ते न वाचता ‘वाय’ दाबणाऱ्यांचा डेस्कटॉपसुद्धा गेलेला मी पाहिलाय. आणि कृपा करून काळ्या पडद्याचा फोटो पाठवू नका, त्यातून निदान होत नाही. लॅपटॉपचं मॉडेल, उबुंटूची आवृत्ती, कर्नलचा क्रमांक आणि लॉग एवढं लागतं.

ड्रायव्हर भांडारातूनच घेतला, तरी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही तपासणीची कमांड म्हणते की ड्रायव्हरशी बोलता येत नाही. रीस्टार्टला एक निळा पडदा आला होता, मी ‘कंटिन्यू’ केलं. दुकानदार सिक्युअर बूट बंद करायला सांगतोय.

चूक त्या ‘कंटिन्यू’मध्ये आहे. ड्रायव्हर टाकताना तुमच्याकडून एक पासवर्ड ठरवून घेतला होता. निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (चावी नोंदवा) निवडून तोच द्यायचा असतो. तो न दिल्यामुळे मॉड्यूलच्या सहीची चावी नोंदलीच गेली नाही आणि सही तपासणाऱ्या सिक्युअर बूटमुळे कर्नलने मॉड्यूल नाकारलं. ‘मोकयूटिल’ कमांडने चावीची नोंदणी पुन्हा मागता येते. पुढच्या रीस्टार्टला सावध बसा, तो पडदा फार वेळ थांबत नाही.

सिक्युअर बूट बंद करणं हा दुकानदाराच्या सोयीचा उपाय आहे. शेजारी विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल, तर सेटिंग बदलताच तो रिकव्हरी की मागू शकतो. ती हाताशी नसेल तर विंडोजमधला डेटा कुलूपबंद. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाला विचारल्याशिवाय बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरूच नका.

आठ महिन्यांपूर्वी कोणीतरी ‘नोमोडसेट’ लिहून लॅपटॉप सुरू करून दिला. ब्राइटनेस बदलत नाही, व्हिडिओ अडखळतो, पंखा सतत फिरतो.

आठ महिने! नोमोडसेट (सुरू होताना कर्नलला दिलेली सूचना) फक्त आत शिरून ड्रायव्हर टाकण्यापुरतं असतं. ते असेपर्यंत खरा ग्राफिक्स ड्रायव्हर कामच करत नाही आणि चित्रं काढण्याचा भार प्रोसेसरवर पडतो. सेटिंग्जमधल्या सिस्टमच्या माहितीत ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसेल, तीच त्याची खूण. आधी योग्य ड्रायव्हर टाका, मग ग्रबच्या फाइलमधून तो शब्द काढा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा. त्या फाइलला पहिल्यांदाच हात लावत असाल तर माहीतगाराला शेजारी बसवा. पण या आठवड्यातच बसवा.

जुना लॅपटॉप, जीटी ७४०एम कार्ड. दुकानात ‘खास लिनक्स ड्रायव्हर पॅक’चे पैसे मागतात, नाहीतर नवा घ्या म्हणतात.

असा पॅक नसतो. पैसे देऊ नका. हे एनव्हिडियाच्या केप्लर पिढीचं कार्ड आहे. त्याला चालणारी एनव्हिडिया ड्रायव्हरची शेवटची मालिका ४७०, आणि तिचा आधार २०२४ मध्ये संपला. नव्या कर्नलवर ती बसवण्याच्या मागे न लागता कर्नलमधल्याच ‘नूवो’ या मुक्त ड्रायव्हरवर राहा. अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये सोबत इंटेलचं ग्राफिक्सही असतं. ब्राउझर, पत्रं, हिशेब यांना ते पुरतं. थ्रीडीचं काम असेल तरच नव्याचा विचार करा, आणि घेण्याआधी त्याच मॉडेलवर लिनक्स चालवणाऱ्या कोणालातरी विचारा.

पडद्यावर उभ्या रेघा येतात. तीन ड्रायव्हर बदलून पाहिले.

बायोसच्या पडद्यावरही येतात का ते बघा. तिथे ड्रायव्हर पोचलेलाच नसतो, म्हणजे बिघाड हार्डवेअरचा. मग बाहेरचा मॉनिटर जोडा. त्यावर रेघा नसतील तर पॅनेल किंवा त्याची केबल, असतील तर ग्राफिक्सची चिपच. चौथा ड्रायव्हर शोधू नका. आजच बॅकअप घ्या आणि लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला न्या.