श्टान्येलला पहिल्यांदा जाताना

स्लोव्हेनियातलं श्टान्येल तासाभरात उरकू नका, एवढंच माझं मागणं. कार्स्ट पठारावरच्या टेकडीवरचं हे गाव. इथली जमीन चुनखडीची, त्यामुळे पाऊस पडला की पाणी थेट जमिनीत गडप. म्हणून आधी घरांची छपरं बघा. वर दगडी फरश्या, कडेला दगडातच कोरलेली पन्हळ, आणि तिचं पाणी घराजवळच्या टाक्यात. थेंब न् थेंब जपलेला! मला तर इथल्या किल्ल्यापेक्षा हेच जास्त भावतं. संत डॅनियल चर्चचा टोकदार मनोरा लांबूनच दिसतो. मग फेरारी बाग. शेजारच्या कोब्दिल्यचे वास्तुविशारद माक्स फाबियानी (१८६५–१९६२) यांनी ती आखली. इतक्या कोरड्या मुलखात लंबगोल तळं, त्यावर छोटासा पूल! तिथे निवांत बसा. पावसात गल्ल्यांतले दगड निसरडे होतात, तेव्हा बूट चांगल्या पकडीचे घाला.