‘तू काही त्यांच्यासारखी नाहीस’

प्रश्न : बाई, अस्सलामु अलैकुम. मी २८ वर्षांची, डिचोलीजवळच्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला आहे. आमच्या विभागात २२ जण, त्यांत मी एकटीच मुसलमान. सगळे माझ्याशी चांगले वागतात. रमजानात माझ्यासमोर डबा उघडायलाही संकोचतात. पण मध्येच कुणीतरी कौतुकानं म्हणतं, ‘तू काही त्यांच्यासारखी नाहीस.’ अम्मी रोज निघताना बजावते, ‘आपल्यामुळे कौमेला बोल लागता कामा नये.’ म्हणून मी कधी उशिरा पोचत नाही, कधी आवाज चढवत नाही. गेल्या महिन्यात माझ्या हातून एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. साहेबांना वाटलं, शेजारी बसणाऱ्या शिकाऊ मुलाची चूक. ते सगळ्यांसमोर त्याच्यावर बरसले आणि मी गप्प राहिले. ‘बघा, ही माणसं अशीच’ असं कुणी म्हणेल, एवढीच भीती होती. घरी माझा १२ वर्षांचा भाचा माझं बघून नमाजाला उभा राहतो. त्याच्याकडे बघवत नाही. लोकांपुढे चांगलं उदाहरण ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : व अलैकुम अस्सलाम. तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते. त्या शिकाऊ मुलाची गोष्ट तू पत्राच्या मधोमध दोन-चार ओळींत उरकलीस. मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

घरी कुराण असेलच. सूरा निसा काढ आणि १०५ पासून ११३ पर्यंतच्या आयती अर्थासह वाच. त्या कशावरून उतरल्या याची हकिकत तफसीरांत, म्हणजे कुराणावरच्या भाष्यांत, दिली आहे. मदिनेतल्या एका मुसलमान घराण्यातल्या माणसानं चिलखत चोरलं. माग लागतोय असं दिसल्यावर ते एका ज्यू माणसाच्या घरी पोचवलं आणि आळ त्याच्यावर घातला. नातलग पैगंबरांकडे (स.) गेले, आपल्या माणसाची बाजू घेऊ लागले. घराण्याची अब्रू जाईल, हीच त्यांची धास्ती. आणि आयती उतरल्या त्या ज्यू माणसाला निर्दोष ठरवणाऱ्या. ११२ वी आयत तर अशी आहे की वाचताना माझा आजही हात थांबतो : स्वतः चूक किंवा गुन्हा करून जो तो निरपराध माणसाच्या माथी मारतो, त्यानं बालंट आणि उघड पाप आपल्या शिरावर घेतलं. तू त्या मुलाचं नाव घेतलं नाहीस, हे मला कळतं. पण नाव दुसऱ्यानं घेतलं आणि तू ते तसंच राहू दिलंस. कौमेच्या अब्रूची काळजी मदिनेतल्या त्या नातलगांनाही होती, मुली.

आता माझ्या घरचं सांगते. आमचे अब्बा दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात सुकी मिरची विकायचे. जुम्म्याच्या वेळेला गोणीवर फडकं टाकून शेजारच्या कांदेवालीवर दुकान सोपवायचे आणि मशिदीत जायचे. मे महिना, पुरुमेंताचे दिवस, जो तो पावसाळ्याची बेगमी करत होता. आदल्या रात्री अवकाळी सर आली आणि एका गोणीचा तळ भिजला. अब्बांनी वरची कोरडी मिरची तशीच ठेवली आणि शिवोलीच्या एका म्हाताऱ्या माऊलीला तळातली दोन किलो तोलून दिली. मी दहा वर्षांची, पिशवीचं तोंड मीच धरलं होतं. मिरची आत पडताना खुळखुळली नाही. सुकी मिरची कशी वाजते ते तुला ठाऊक असेल. मी अब्बांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी अब्बा सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका न्याहाळत होते. ती आली नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आली. अब्बा उठून उभे राहिले, कांदेवालीच्या आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, ‘माय, त्या दिवशीची मिरची ओली होती. मला माहीत होतं.’ पैसे परत दिले, वर दोन किलो कोरडी मिरची दिली. ती म्हणाली, अर्धीअधिक बुरशीनं गेली. अब्बा मान खाली घालून ऐकत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, चारचौघांत हे बोलायची काय गरज, असं वाटत होतं. ओल्या धान्याची हदीस मी पुष्कळ वर्षांनी वाचली. पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसानं भिजलं. ते म्हणाले, मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. जो फसवतो तो आमच्यातला नव्हे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. वाचताना माझ्या नाकाशी तोच मिरचीचा कुबट वास आला.

अब्बांना पाच वेळा नमाज पढताना मी रोज बघत होते, पण त्यातला एकही दिवस वेगळा असा आठवत नाही. तो शुक्रवार आठवतो. म्हणून भाच्याची फार चिंता करू नकोस. मावशी किंवा आत्या चुकते हे त्याला कळलं तर त्याचं काही बिघडणार नाही. झाकते हे कळलं तर बिघडेल, आणि या वयाच्या मुलांना ते बरोबर कळतं. मराठी शाळेत ३१ वर्षं काढली, त्या अनुभवावरून सांगते.

‘तू त्यांच्यासारखी नाहीस’ याला उत्तर द्यायला कचरू नकोस. भांडायचं नाही. हसून म्हण, ‘माझे अब्बा, माझी अम्मी, आमच्या गल्लीतले सगळे, मी अगदी त्यांच्यासारखीच आहे. या एकदा ईदला घरी.’ साऱ्या कौमेचं ओझं एकट्या मुलीनं उचलावं असं अल्लाहनं कुठं सांगितलेलं नाही. अम्मीलाही हे प्रेमानं समजाव. तिची भीती खरी आहे, बाहेरच्या चार गोष्टी कानावर येतात म्हणून ती बोलते. पण लोकांनी बघावं म्हणून केलेल्या चांगुलपणाला आपल्याकडे रिया म्हणतात आणि सूरा माऊनमध्ये दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांचा कसा धिक्कार केला आहे ते तुला पाठ असेल.

सोमवारी कामावर गेलीस की आधी त्या मुलाला बाजूला घेऊन खरं सांग, मग साहेबांकडे जा. ज्यांच्यासमोर त्याला बोल लागला त्यांच्यासमोरच सांग, बंद खोलीत नको. आणि त्याच्या पगारातून काही कापलं गेलं असेल तर ते आधी भरून दे. माणसाचा हक्क मारला असेल तर नुसत्या तौबेनं भागत नाही. पुरवठादाराकडून जादा गेलेले पैसे परत मागायचं पत्रही तूच टाइप कर.