बीईईचं सर्टिफिकेट घेऊन टोरंटोला येताना

तुम्ही विचारलंत की चाकणच्या कारखान्यात युटिलिटीचं (बॉयलर, कॉम्प्रेसर, वीज वगैरे) काम आणि बीईईची, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, एनर्जी मॅनेजर परीक्षा पास, एवढ्यावर टोरंटोत भागेल, की सीईएम (सर्टिफाइड एनर्जी मॅनेजर) करावंच लागेल?

करा. बीईईचं सर्टिफिकेट आपल्या २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून आलेलं, इथल्या एचआरला ते माहीत नसतं. नोकरीच्या जाहिरातींत सीईएम दिसतं. ते अमेरिकेतली असोसिएशन ऑफ एनर्जी इंजिनिअर्स देते. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो.

तो अनुभव कागदावर आणा, आणि चाकणला असतानाच. नुसतं 'सिनिअर इंजिनिअर, मेंटेनन्स' लिहिलेलं पत्र कामाचं नाही. कॉम्प्रेसरची गळती काढली, बॉयलरचं कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) परत आणलं, त्यातून किती युनिट आणि किती इंधन वाचलं, हे साहेबांच्या सहीनिशी लिहून घ्या. साहेब बदलले, कंपनी विकली गेली की इथून फोन करून काही हाती लागत नाही. माझ्या ओळखीची चांगली माणसं याच कागदापायी अडली आहेत.

अभ्यास तुम्हाला जड जाणार नाही. बीईईच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पेपरातलं थर्मल-इलेक्ट्रिकल सगळं उपयोगी पडतं. सीईएमची परीक्षा पुस्तकं जवळ ठेवून देता येते, पण वेळ पुरत नाही तो एककांपायी. आपला हात किलोकॅलरीवर बसलेला असतो, इथे बीटीयू, म्हणजे ब्रिटिश थर्मल युनिट. एका किलोवॅट-अवरचे ८६० किलोकॅलरी जसे तोंडपाठ आहेत, तसेच ३,४१२ बीटीयू करून टाका.

खरी नवी गोष्ट आहे इमारती तापवणं. शाळा, हॉस्पिटलं, ऑफिसं यांचा हिवाळ्यातला गॅस हाच इथे मोठा विषय. बाहेरचं सरासरी तापमान १८ अंशांच्या किती खाली गेलं, ते रोजचं जोडत जायचं. हे हीटिंग डिग्री डे. ते न बघता दोन वर्षांची बिलं शेजारी ठेवली तर बचत झाली की हिवाळाच सौम्य होता, हे कळत नाही.

वीजबिलही वेगळं आहे. महावितरणच्या बिलात आपण केव्हीए डिमांड (एका वेळी ओढलेला जास्तीत जास्त भार) आणि पॉवर फॅक्टर (त्यातली किती वीज खऱ्या कामाला लागली) बघतो. टोरंटोच्या ओंटारिओ प्रांतात मोठ्या, 'क्लास ए' ग्राहकाचा ग्लोबल ॲडजस्टमेंटचा (वीजनिर्मितीचा बाजारभावातून न निघणारा खर्च भरून काढणाऱ्या आकाराचा) वाटा ठरतो तो अख्ख्या प्रांताच्या वर्षातल्या पाच सर्वोच्च मागणीच्या तासांत त्याने किती वीज ओढली त्यावरून. ते तास आधी ओळखून चिलरचा (इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) भार उतरवणारा माणूस कंपनीला हवा असतो. मुलाखतीला जाण्याआधी हे नीट समजून घ्या.

सीईएममुळे नावापुढे 'इंजिनिअर' लावता येत नाही. त्यासाठी पीईओचं (प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारिओ या संस्थेचं) लायसन्स वेगळं.

सीईएम दर तीन वर्षांनी १० क्रेडिट दाखवून नूतनीकरण करावं लागतं. या क्षेत्रातली नोकरी, सभासदत्व, प्रशिक्षण यांतून ती जमतात. नोकरी सुटली तर मात्र प्रशिक्षणावरच भिस्त, म्हणून प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका. बीईईचंही सोडू नका. पाच वर्षांनी त्याचं रिफ्रेशर करावं लागतं. भारतात परतायचं ठरलं तर मोठ्या कारखान्यांना कायद्याने एनर्जी मॅनेजर नेमावाच लागतो, आणि तिथे हेच सर्टिफिकेट विचारतात.