‘हुंडणावळ सोळा पेन्सांवर आणा’ म्हणजे काय?

एका वाचकाचा प्रश्न आहे: 1926च्या सुमाराच्या एका मराठी लेखात ‘हुंडणावळ अठरा पेन्सांवरून सोळा पेन्सांवर आणावी’ अशी मागणी वाचली. हुंडणावळ म्हणजे नेमकं काय? आणि रुपयाचा भाव उतरवा असं आपलेच लोक का म्हणत होते?

शब्दाचा उलगडा सोपा आहे. दळण्याची मजुरी ती दळणावळ, धुण्याची ती धुणावळ, तशी हुंडीसाठी मोजावी लागणारी रक्कम ती हुंडणावळ. पुण्यात पैसे भरून ते काशीला मिळवायचे तर सावकाराकडून हुंडी घ्यायची आणि तिचा भाव द्यायचा. पुढे दोन देशांच्या चलनांमधल्या दरालाही लोक हुंडणावळच म्हणू लागले, आणि रुपया-पौंडाच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. भारतमंत्री, म्हणजे ब्रिटिश सरकारातला हिंदुस्थानचा कारभार पाहणारा मंत्री, लंडनमध्ये दर आठवड्याला ‘कौन्सिल बिलं’ विकत असे. इथला कापूस किंवा ताग घेणारा व्यापारी तिथे पौंड भरून ती विकत घ्यायचा, आणि कलकत्ता, मुंबई किंवा मद्रासच्या सरकारी खजिन्यात ती वटवून रुपये मिळत. म्हणजे हुंडीच ती. जमलेल्या पौंडांतून गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतनं, कर्जांवरचं व्याज आणि इंडिया ऑफिस या त्याच्या कचेरीचा खर्च भागवला जाई.

जुना मजकूर वाचताना एक गोष्ट मात्र सतत ध्यानात ठेवावी लागते. आज आपण एका डॉलरला किती रुपये ते सांगतो. आकडा चढला की रुपया घसरला. तेव्हा एका रुपयाला किती पेन्स ते सांगत. त्यामुळे ‘हुंडणावळ चढली’ म्हणजे रुपया वधारला आणि ‘उतरली’ म्हणजे घसरला. हे उलटं धरलं तर सगळा लेखच उलटा वाचला जातो.

आता आकडे. 12 पेन्सांचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. 1870च्या आसपास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. मग जर्मनीसारखे देश सोन्याच्या चलनाकडे वळले, चांदीचा भाव कोसळला आणि चांदीचा आपला रुपयाही तिच्याबरोबर खाली गेला. लंडनला तेवढेच पौंड पोचवायला सरकारला दरवर्षी जास्त रुपये लागू लागले. अखेर 1893 साली लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं टाकसाळींनी बंद केलं, आणि 1899च्या कायद्याने 15 रुपयांना एक सॉव्हरिन (एका पौंडाचं सोन्याचं नाणं), म्हणजे रुपयाला 16 पेन्स, असा दर पक्का झाला. हिशेबाला हा दर फार सोयीचा होता: रुपयाचे आणे सोळा, पेन्सही सोळा, म्हणजे एक आणा बरोबर एक पेनी.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि ही घडी विस्कटली. 1920 साली सरकारने रुपया दोन शिलिंगांवर टिकवण्याचा प्रयत्न केला, तो वर्षभरही तगला नाही. चढ्या हुंडणावळीच्या भरवशावर विलायती माल मागवून बसलेले व्यापारी त्यात पोळले. पुढे चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने 18 पेन्सांची शिफारस केली, ती 1927 साली कायद्यात आली. तुमच्या लेखातली मागणी याच वादातली. आयोगाचे सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमत नोंदवून 16 पेन्सांचा आग्रह धरला होता.

कारण समजायला एका पौंडाचा कापूस घ्या. 16 पेन्सांच्या दराने त्याचे इथे 15 रुपये होतात. 18च्या दराने 13 रुपये 5 आणे 4 पै (12 पैंचा एक आणा). म्हणजे पौंडामागे 1 रुपया 10 आणे 8 पैंची तूट, आणि शेतसारा व सावकाराचं देणं मात्र रुपयांत जसंच्या तसं. गिरणीमालकाचीही तक्रार होतीच, कारण त्याच दराने मँचेस्टरचं कापड इथे स्वस्त पडे. सरकारचा फायदा उघड होता: लंडनचा प्रत्येक पौंड कमी रुपयांत भागत होता.

तरीही ‘आपलेच लोक’ या शब्दांपाशी थोडं थांबायला हवं. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडनचा डी.एस्सी.चा प्रबंध याच प्रश्नावरचा. तो 1923 साली प्रसिद्ध झाला आणि नंतर त्यांनी आयोगापुढे साक्षही दिली. उतरत्या रुपयाने निर्यातदाराला होणारा नफा बाहेरून येत नाही, भाव वाढतात आणि मजुरी मागे राहते त्यातून तो निघतो, असं त्यांनी दाखवलं. मला हे या सगळ्या वादातलं सर्वांत महत्त्वाचं म्हणणं वाटतं. हुंडणावळ उतरवा म्हणणारा व्यापारी आणि गिरणीतला कामगार यांचं हित एकच होतं असं नाही.

     

आपल्याकडचे 18 पेन्स खूप टिकले. 1931 साली ब्रिटनने पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, तरी रुपया स्टर्लिंगला, म्हणजे ब्रिटिश पौंडाला, बांधलेलाच राहिला. 1949 साली पौंडाबरोबर रुपयाचंही अवमूल्यन झालं, म्हणून दोघांतला दर हलला नाही. तो मोडला 6 जून 1966 रोजी, पौंड 21 रुपयांचा झाला तेव्हा. 1967 साली पौंड घसरला, रुपया त्याच्यामागे गेला नाही, आणि पौंड 18 रुपयांवर आला. पाहा, हा ‘18’ रुपयांचा आहे, पेन्सांचा नव्हे. 1975 साली स्टर्लिंगशी असलेली गाठ सुटली.

लेख पुन्हा छापायचा असेल तर मूळ शब्द बदलून ‘विनिमय दर’ करू नका. ‘हुंडणावळ: एका रुपयाला मिळणारे पेन्स’ एवढी तळटीप पुरेशी आहे.